ड्राइव्ह गेला नाही हो, प्लेअर गेला!

दुरुस्तीच्या टेबलावरून : वाचकांचे प्रश्न

विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आणि घरोघरची मशीनं ११वर गेली. तेव्हापासून कोल्हापुरात माझ्या टेबलावर एकाच तक्रारीची पत्रं साचलीत: डीव्हीडी लागत नाही. यावेळी तेवढाच विषय घेते. मोबाइलवाल्यांनी पुढच्या अंकापर्यंत दम धरावा.

प्रश्न : माझा लॅपटॉप २०१८ सालचा, डीव्हीडी ड्राइव्ह असलेला. महिन्यापूर्वी दुकानात देऊन त्यावर विंडोज ११ टाकून घेतलं. काल मुलीच्या लग्नाची डीव्हीडी लावली, तर पूर्वी आपोआप सुरू होणारी फिल्म दिसेना. नुसती खिडकी उघडते. तीत दोन फोल्डर आहेत, व्हिडिओ टीएस आणि ऑडिओ टीएस. पहिल्यात फायली आहेत, ऑडिओचा फोल्डर मात्र पूर्ण रिकामा! अपडेटने आवाज पुसला की काय? दुकानदार म्हणतात, ड्राइव्ह गेला, नवा घाला. लग्न २००९चं आहे, दुसरी प्रत नाही.
— एक निवृत्त शिक्षक, चिपळूण

उत्तर : सर, आधी त्या रिकाम्या फोल्डरची काळजी सोडा. ऑडिओ टीएस हा फोल्डर डीव्हीडी-ऑडिओ नावाच्या वेगळ्याच प्रकारच्या डिस्कसाठी राखलेला असतो. लग्नाच्या किंवा सिनेमाच्या डीव्हीडीत तो रिकामाच असायचा. तुमची सनई, मंगलाष्टकं, सगळं व्हिडिओ टीएसमधल्या व्हीओबी फायलींत चित्राच्या बरोबरीनेच भरलेलं आहे. शिवाय छापील किंवा एकदाच लिहिता येणाऱ्या डिस्कवरचं काहीही कुठलंच अपडेट पुसू शकत नाही.

आता ड्राइव्ह. फायली दिसतात असं तुम्हीच लिहिलंय. म्हणजे डिस्क फिरली, लेसरने ती वाचली आणि विंडोजला यादी मिळाली. गेलेला ड्राइव्ह एवढं करत नाही. खात्री करायची तर त्या फोल्डरमधली मोठ्यात मोठी व्हीओबी फाइल (ती १ जीबीच्या आसपास असेल) डेस्कटॉपवर कॉपी करून बघा. मधे न अडखळता पूर्ण उतरली, तर ड्राइव्हही ठीक आणि डिस्कचा तेवढा भागही ठीक. नव्या ड्राइव्हचे पैसे खिशातच ठेवा.

मग गेलं काय? प्लेअर. विंडोज ७च्या होम प्रीमियम आणि त्यावरच्या आवृत्त्यांत डीव्हीडी चालवायची सोय आतच होती. २०१२च्या विंडोज ८मध्ये ती काढली. डीव्हीडीतलं चित्र एमपीईजी-२ पद्धतीने आणि आवाज बहुधा डॉल्बीच्या पद्धतीने दाबून बसवलेला असतो. तो उलगडणाऱ्या डीकोडरसाठी मशीनमागे परवान्याचे पैसे मोजावे लागत, आणि तोवर नव्या लॅपटॉपमधून ड्राइव्हच नाहीसे व्हायला लागले होते. ज्याच्याकडे ड्राइव्ह नाही त्याच्या मशीनचेही पैसे कशाला भरायचे, असा तो हिशेब. मला तो पटतो. एमपीईजी-२ची अमेरिकेतली शेवटची पेटंटं २०१८मध्ये संपली, तरी सोय परत आली नाही, हे मात्र पटत नाही. २०१५ला विंडोज १० आलं तेव्हा ७वरून वर गेलेल्या बऱ्याच जणांना डीव्हीडी प्लेअरचं छोटं ॲप फुकट मिळालं होतं. बाकीच्यांना ते विकत घ्यावं लागे.

तुमचं मशीन विंडोज १०चंच, मग त्यावर इतकी वर्षं डीव्हीडी कशी चालली? ड्राइव्हवाल्या लॅपटॉपबरोबर कंपन्या बहुधा एक डीव्हीडी प्लेअर घालूनच देत. तो कंपनीचा असायचा, विंडोजचा नव्हे. दुकानात हार्ड डिस्क साफ करून कोरं विंडोज ११ टाकलं असणार, त्यात तोही गेला. दुकानदाराने मुद्दाम काही केलं असं नाही. पण ‘ड्राइव्ह गेला’ म्हणण्याआधी एकदा फोल्डर उघडून बघायला हवा होता.

उपाय फुकट आहे. व्हीएलसी मीडिया प्लेअर घ्या, केशरी-पांढरा रस्त्यावरचा शंकू हे त्याचं चिन्ह. पॅरिसजवळच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी १९९६मध्ये सुरू केलेल्या प्रकल्पातून तो आला, आणि डीव्हीडीचा डीकोडर त्याच्या पोटातच असतो. मात्र तो व्हिडिओलॅन डॉट ऑर्ग या त्याच्या स्वतःच्या ठिकाणाहूनच उतरवा. गूगलवर नाव टाकल्यावर वर येणाऱ्या जाहिरातीतून नको. ‘कोडेक पॅक’ नावाचे, अनेक डीकोडर एकत्र बांधलेले गठ्ठेही नकोत. आमच्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या मशीनमध्ये भलते टूलबार आणि कर्कश जाहिराती दिसल्या, की मी आधी विचारते, कोडेक पॅक टाकला होता का? उत्तर बहुतेकदा होच येतं.

व्हीएलसी उघडून मीडिया या मेनूत ओपन डिस्क निवडा (किंवा कंट्रोल दाबून डी). डीव्हीडीवर खूण करा, खालच्या चौकटीत तुमच्या ड्राइव्हचं अक्षर आहे ना ते बघा, आणि प्ले. लग्नाच्या डीव्हीडींना फुलापाखरांचा मेनू करायची त्या काळी फार हौस होती, आणि तो मेनू कधीकधी अडकतो. अडकला तर त्याच खिडकीत ‘नो डिस्क मेनूज’वर खूण करा, म्हणजे थेट फिल्म लागेल. डिस्क टाकताच व्हीएलसी सुरू व्हावं असं वाटत असेल, तर कंट्रोल पॅनेलमधल्या ऑटोप्लेत डीव्हीडी मूव्हीसमोर ते नेमून द्या.

पुढचं पत्र येण्याआधीच दोन गोष्टी सांगते. पहिली, वरात चालायला लागली की माणसांच्या कडांना कंगव्याच्या दातांसारख्या आडव्या रेघा दिसतील. डिस्क खराब झाली असं समजू नका. आपल्याकडचं तेव्हाचं चित्रीकरण पाल पद्धतीचं, सेकंदाला २५ चित्रं, आणि प्रत्येक चित्र विषम ओळी आणि सम ओळी अशा दोन अर्ध्या भागांत घेतलेलं. जुना टीव्ही ते भाग एकामागून एक दाखवायचा, संगणकाचा पडदा दोन्ही एकदम दाखवतो. व्हीएलसी चालू असताना कीबोर्डवरचं डी दाबा, रेघा जातात. दुसरी, चित्र आलं आणि आवाज नाही आला, तर व्हीएलसीच्या ऑडिओ मेनूत ऑडिओ डिव्हाइस बघा. नवं विंडोज टाकलं की आवाज बऱ्याचदा एचडीएमआयने जोडलेल्या मॉनिटरकडे वळतो, आणि त्या मॉनिटरला स्पीकरच नसतो.

आणि एकच प्रत आहे म्हणता, तर हे पत्र वाचून झालं की आजच व्हिडिओ टीएस हा अख्खा फोल्डर हार्ड डिस्कवर कॉपी करा, आणखी एक प्रत पेन ड्राइव्हवर. ४.७ जीबीची डिस्क काठोकाठ भरलेली असली तरी विंडोजमध्ये ती ४.३८ जीबी दिसेल, काही राहिलं असं समजू नका. मोजायची पद्धत वेगळी, एवढंच. घरच्या रेकॉर्डिंगला कुलूप नसतं, त्यामुळे साधी कॉपी चालते. विकत घेतलेल्या सिनेमांच्या डिस्कना कुलूप असतं. ते काढून प्रती कशा करायच्या, असं विचारणारीही पत्रं आलीत. कॉपीराइट कायद्यात २०१२ला असं कुलूप तोडण्याविरुद्धचं ६५अ कलम आलंय, त्यामुळे त्या पत्रांना या पानावर उत्तर मिळणार नाही. सर, तुमचा फोल्डर उतरला की व्हीएलसीच्या ओपन डिस्कमध्येच ‘ब्राउझ’ करून तो दाखवा, डिस्क न लावता लग्न लागेल.

प्रश्न : माझा फोटो स्टुडिओ आहे. डेस्कटॉपला रायटर आहे, अजूनही बारशा-मुंजीच्या डिस्क लिहून देतो. विंडोज १०वरूनच ११ चढवलं, काही पुसलं नाही. पण ‘धिस पीसी’मध्ये डीव्हीडी ड्राइव्हच दिसत नाही. ट्रे मात्र बटणाने उघडतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ड्राइव्हच्या नावापुढे पिवळा त्रिकोण आणि कोड ३९.
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : तुमच्या पत्रात निम्मं निदान आहेच, असं लिहिणारे वाचक आणखी हवेत. ट्रे उघडतो म्हणजे वीज पोहोचतेय. डिव्हाइस मॅनेजरमध्ये नाव दिसतंय म्हणजे डेटा केबलही ठीक. नाव तिथेही दिसत नसतं, तर मी आधी बायॉसमध्ये (विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) बघायला लावलं असतं, आणि तिथेही नसतं तर कॅबिनेट उघडून साटा केबल (तीच डेटा केबल) काढून घालायला.

कोड ३९ किंवा १९ आणि डिस्क लिहायचं जुनं सॉफ्टवेअर ही जोडी माझ्या ओळखीची आहे. अशी सॉफ्टवेअरं विंडोज आणि ड्राइव्ह यांच्या मधे स्वतःचा एक फिल्टर बसवतात. वरची विंडोज बदलते, जुना फिल्टर तिथेच राहतो आणि ड्राइव्हची वाट अडवतो. आधी सोपं करून बघा: डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या ड्राइव्हवर राइट क्लिक, अनइन्स्टॉल, मशीन रीस्टार्ट. विंडोज त्याला पुन्हा ओळखते.

त्याने भागलं नाही तर रजिस्ट्री, म्हणजे विंडोजच्या सेटिंगची मुख्य वही. इथे हात सावकाश चालवा. रेजएडिट उघडून एचकी लोकल मशीन, सिस्टिम, करंट कंट्रोल सेट, कंट्रोल, क्लास असं आत जा. तिथे महिरपी कंसातल्या लांबलचक नावांचे फोल्डर एकाखाली एक दिसतील. आपल्याला ४डी३६ई९६५ने सुरू होणारा हवाय. आठ अक्षरं बोट ठेवून वाचा. उजवीकडे ‘डीव्हीडी/सीडी-रॉम ड्राइव्हज’ लिहिलेलं असेल तरच तो बरोबर. शेजारचा ९६७ हार्ड डिस्कचा आहे, तिथे हात घातलात तर मशीन सुरूच व्हायचं नाही, आणि ९६बी कीबोर्डचा, तिथे चुकलात तर निस्तरायला कीबोर्डही चालणार नाही. योग्य फोल्डर सापडला की आधी फाइल मेनूतून त्याची एक्स्पोर्ट काढून ठेवा. मग उजवीकडच्या अपर फिल्टर्स आणि लोअर फिल्टर्स या नोंदी उडवा. दोन्ही असतीलच असं नाही, जी असेल ती. त्यांच्या नावाच्या शेवटी ‘.bak’ लावलेल्या नोंदी असल्या तर राहू द्या. रीस्टार्ट करा.

ड्राइव्ह परत दिसला की डिस्क लिहायचं ते जुनं सॉफ्टवेअर कदाचित कुरकुर करेल. ११वर चालणारी नवी आवृत्ती मिळत असेल तर ती घाला, नाही तर साध्या डेटा डिस्क लिहायला विंडोजमधली सोय पुरते. आणि ‘सगळे ड्रायव्हर एका क्लिकवर अपडेट’ म्हणून पैसे मागणारी जी सॉफ्टवेअरं आहेत, त्यांच्यावर रुपया घालवू नका. डीव्हीडी ड्राइव्हचा ड्रायव्हर विंडोजमध्येच असतो, वेगळा आणायचा नसतो.

तुमच्याच धंद्यातली आणखी एक गोष्ट. गिऱ्हाईक परत येऊन ‘डिस्क रिकामी दिसते’ म्हणालं, तर ती फायनलाइज (लिहून झाल्यावर डिस्क बंद करायची शेवटची पायरी) केली होती का, ते आठवून बघा. न केलेली डिस्क ज्या रेकॉर्डरवर लिहिली त्यातच दिसते, दुसरीकडे बहुधा नाही. त्याच रेकॉर्डरमध्ये परत घालून फायनलाइज केली की प्रश्न मिटतो. रेकॉर्डर भंगारात गेला असेल तर आयसोबस्टरसारख्या प्रोग्रामने आतलं काढता येतं.

प्रश्न : आमच्या बाबांनी दशावतारी नाटकांच्या व्हीसीडी जमवल्या होत्या, खोकाभर. आधी चालायच्या. आता नव्या विंडोजवर ‘एव्हीसेक०१ डॅट’ अशी एकच मोठी फाइल दिसते. ती उघडत नाही आणि कॉपी करताना मधेच थांबते. बाबा म्हणायचे, ‘जपून ठेव गो’. म्हणून विचारते.
— एक वाचक, कुडाळ

उत्तर : ताई, हा खोका टाकू नका, अशा स्थानिक रेकॉर्डिंगच्या प्रती दुसरीकडे कुठे मिळतील याचा भरवसा नाही.

व्हीसीडी म्हणजे लहान डीव्हीडी नव्हे. ती साधी सीडीच, १९९३च्या नियमांनी बांधलेली. चित्र ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं, एका डिस्कवर साधारण ७४ मिनिटं. म्हणून नाटक दोन-तीन डिस्कवर असतं आणि बरोबर रंगात आलेल्या प्रवेशात तुटतं. ती डॅट फाइल म्हणजेच नाटक आहे, एमपीईजीएव्ही या फोल्डरमध्ये बसलेलं. ती ओढून व्हीएलसीच्या खिडकीत सोडा, लागेल. कॉपी झाल्यावर नावाच्या शेवटी डॅटऐवजी एमपीजी केलं की बाकीचे काही प्लेअरही तिला घेतात.

कॉपी मधेच थांबते, त्यात नव्या विंडोजचा दोष बहुधा नाही. डेटा सीडीवर प्रत्येक तुकड्याबरोबर चूक सुधारण्यासाठी जादा माहिती लिहिलेली असते. व्हीसीडीत ७४ मिनिटं बसवायची म्हणून ती जागाही चित्राला दिली. त्यामुळे डेटा सीडी ज्या ओरखड्याला दाद देत नाही, तिथे व्हीसीडी अडते. बघताना एखादा ठोकळा दिसून चित्र पुढे जातं, पण कॉपी करताना विंडोज हट्टाने तिथेच थांबते.

म्हणून आधी डिस्क साफ करा. मऊ सुती कापड, लागलंच तर साधं पाणी, आणि पुसायचं ते मधल्या भोकाकडून कडेकडे, सरळ रेषेत. गोल-गोल नाही. गोल ओरखडा डेटाच्या वाटेनेच लांबवर जातो आणि ड्राइव्हला तो सांधता येत नाही. आडवा छेद चालतो. टूथपेस्ट लावायचा सल्ला गावोगाव मिळतो. तो देणाऱ्याकडून आधी त्याच्याच डिस्कवर करून घ्या. आणि सीडीची छापील बाजू चमकदार बाजूपेक्षा जास्त जपा. तिचा डेटा लेबलच्या लगेच खाली असतो, वर लाखेचा पातळ थर फक्त. तिथे पेनाची निब खुपली तर तेवढं नाटक गेलंच. (डीव्हीडीत डेटा दोन थरांच्या मधोमध असतो, ती या बाबतीत धडधाकट.)

साफ करूनही एका ड्राइव्हवर अडली तर दुसऱ्या ड्राइव्हवर घाला. प्रत्येकाची नजर थोडी वेगळी असते, आणि जुने डेस्कटॉपचे मोठे ड्राइव्ह लॅपटॉपच्या पातळ ड्राइव्हपेक्षा बऱ्याचदा जास्त वाचतात, असा माझा अनुभव. सगळ्या डिस्क उतरल्या की प्रत्येक फाइलला नाटकाचं, मंडळाचं नाव आणि भाग १, भाग २ असं लिहा. डिस्कवर सगळीकडे एकच नाव असल्यामुळे आत्ता नाही लिहिलंत तर एका फाइलवर दुसरी चढेल. आणि कुणी ‘एचडी करून देतो’ म्हणाला तर पैसे देऊ नका. ३५२ ठिपक्यांत जे टिपलंच गेलं नाही, ते नंतर कुठून येणार?

प्रश्न : भाची न्यू जर्सीहून नातवंडांसाठी गोष्टींच्या डीव्हीडी घेऊन आली. विंडोज नवीन टाकल्यापासून लावल्या की ‘रीजन बदला, ४ बदल शिल्लक’ असं येतं. विंडोज पुन्हा टाकली तर हा आकडा परत ५ होईल का?
— एक आजी, सोलापूर

उत्तर : नाही आजी, होणार नाही. हा आकडा विंडोजमध्ये नसतो, ड्राइव्हच्या पोटात असतो. विकायच्या डीव्हीडींसाठी जगाचे विभाग पाडले होते. अमेरिका १, आपण ५. २०००पासूनच्या ड्राइव्हना विभाग फक्त ५ वेळा बदलता येतो, शेवटच्या वेळी जो ठेवाल तो कायमचा. म्हणून त्या खिडकीत ओके दाबू नका. आधी व्हीएलसीत लावून बघा, बऱ्याच ड्राइव्हवर तो रीजन न बदलताच चालवतो. नाहीच चालला, आणि अमेरिकेहून डिस्क येतच राहणार असतील, तर एक स्वस्तातला यूएसबी ड्राइव्ह घेऊन तो एकदाच १वर नेमा, आणि घरचा आहे तसा ५वर राहू द्या. भाचीने घरी कॅमेऱ्यातून लिहून आणलेल्या डिस्क असतील तर त्यांना रीजन नसतोच.

प्रश्न : शाळेतल्या संगणकावर विंडोजऐवजी उबुंटू ही फुकट प्रणाली आहे. नव्या आवृत्तीवर गेल्यापासून विकतच्या शैक्षणिक डीव्हीडी ‘वाचता येत नाही’ म्हणतात, घरी लिहिलेल्या चालतात.
— जिल्हा परिषद शिक्षक, बीड

उत्तर : कुलूपवाल्या तेवढ्याच अडतात, म्हणजे कुलूपवाल्या डिस्क चालवायला लागणारं लिबडीव्हीडीसीएसएस राहून गेलंय. उबुंटू ते स्वतःबरोबर देत नाही. लिबडीव्हीडी-पीकेजी हे पॅकेज घाला आणि मग डीपीकेजी-रीकॉन्फिगर त्याच्यावर चालवा, इंटरनेट चालू ठेवून. दुसरी पायरी बहुतेक जण विसरतात.

प्रश्न : अपडेटनंतर सीडीवरची गाणी लागतात, डीव्हीडी एकही नाही. अपडेट मागे घेऊ का?
— एक वाचक, जळगाव

उत्तर : घेऊ नका. सीडी वाचायला ७८० नॅनोमीटरचा लेसर लागतो, डीव्हीडीला ६५० नॅनोमीटरचा. डीव्हीडी टाकल्यावर फोल्डरसुद्धा दिसत नसेल, आणि तीच डिस्क शेजारच्यांच्या मशीनवर दिसत असेल, तर तुमचा ६५०वाला थकलाय. योगायोगाने अपडेटच्याच आठवड्यात. हा मात्र खरोखर ड्राइव्ह बदलायचा प्रसंग. फोल्डर दिसत असेल तर चिपळूणच्या सरांचं उत्तर वाचा. तसंही ११वर गेल्यावर मागे फिरायची मुदत १० दिवसांची असते, आणि पुसून टाकलेलं असेल तर तीही नाही.

नवा ड्राइव्ह यूएसबीचा घेणार असाल तर लॅपटॉपला थेट लावा, हबमधून नको. डिस्क फिरायला लागताना तो बरीच वीज ओढतो आणि जुन्या यूएसबी २ पोर्टला ५०० मिलीअँपिअरच द्यायचे असतात. टकटक आवाज करून थांबत असेल तर दोन तोंडांची केबल मागून घ्या, आणि डेस्कटॉप असेल तर पुढच्याऐवजी मागच्या पोर्टला लावा.